डॉक्टर घडतो कुठे? वैद्यकीय शिक्षणाची दोनशे वर्षे



या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा लढाया, सेनापती आणि सीमा यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय रुग्णालयातला आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला आपल्या देशात कसे शिकवले गेले, ते शिक्षण सुधारण्याचे प्रयत्न किती वेळा झाले आणि त्यातले काय टिकले, हे आज पाहायचे आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, बंगळुरू, दिल्ली, तुम्ही कुठेही राहत असा, तुमच्या घरात नाहीतर शेजारी नीटची तयारी करणारे एखादे मूल असणारच. प्रवेश मिळेपर्यंत सगळे घर जागे असते. यादीत नाव आले की आपण पेढे वाटतो आणि म्हणतो, झाला एकदाचा डॉक्टर! पुढच्या साडेपाच वर्षांत तो डॉक्टर नेमका कसा होतो, हे विचारायचे मात्र राहून जाते.

पायदळात आयुष्य काढलेल्या माणसाने यावर का बोलावे, असे काही जण म्हणतील. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले, प्रत्येक पलटणीत एक तरुण डॉक्टर असतो. त्याला आम्ही आरएमओ म्हणतो, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर. शेकडो जवानांचा जीव त्याच्या हातात असतो. तो कुठे आणि कसा शिकला, हा आमच्यासाठी चर्चेपुरता प्रश्न नसतो. दुसरे, वैद्यकीय शिक्षणावरचे जे दोन अहवाल सर्वाधिक गाजले, ते डॉक्टर नसलेल्या माणसांच्या नावाने ओळखले जातात. अमेरिकेत १९१० साली अहवाल लिहिणारे अब्राहम फ्लेक्सनर हे शाळामास्तर. अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा त्यांनी पालथ्या घातल्या आणि त्या अहवालानंतर कितीतरी निकृष्ट शाळांना टाळे लागले. दुसरे आपले सर जोसेफ भोर, आयसीएस अधिकारी. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत.

हा इतिहास पाहताना एक मोजपट्टी हातात धरा. विद्यार्थी रुग्णापासून किती अंतरावर उभा आहे? ज्या ज्या वेळी हे अंतर कमी झाले, त्या त्या वेळी शिक्षण सुधारले. ज्या वेळी फक्त पुस्तके, पदव्या आणि नियम बदलले, त्या वेळी कागद बदलला, डॉक्टर बदलला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. आता पुरावे पाहू.

कलकत्ता १८२२ : गरज सैन्याची

आपल्याकडच्या आधुनिक वैद्यकीय शिक्षणाच्या मुळाशी सैन्याची गरज आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी वाढत होत्या, मुलुख वाढत होता आणि विलायतेतून सर्जन आणणे महाग पडत होते. त्यांच्या हाताखाली काम करतील असे देशी मदतनीस तयार करण्यासाठी १८२२ मध्ये कलकत्त्यात ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ निघाली. सुरुवातीला अवघे वीस विद्यार्थी होते. शिक्षण देशी भाषेत होते आणि त्यासाठी इंग्रजी वैद्यकग्रंथांचे अनुवादही झाले. याच काळात कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात आणि मदरशातही वैद्यकाचे वर्ग चालत.

या संस्थेची मोठी उणीव शरीररचनेच्या शिक्षणात होती. मानवी शवाचे विच्छेदन होत नव्हते. गरज भागवली जायची ती प्राण्यांच्या शरीरांवर. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी समिती नेमली. समितीने ही उणीव दाखवली आणि जानेवारी १८३५ मध्ये हे सगळे वर्ग बंद करून ‘कलकत्ता मेडिकल कॉलेज’ उघडण्याचा हुकूम निघाला. शिकवण्याची भाषा इंग्रजी ठरली. त्याच वर्षी मद्रासलाही वैद्यकीय शाळा सुरू झाली.

१८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी कलकत्त्याच्या या कॉलेजात मानवी शवाचे विच्छेदन केले. हे गुप्त मूळचे वैद्य, संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवणारे. त्या काळी शवाला हात लावणे म्हणजे जात गमावण्याची तयारी ठेवणे. त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी दिली गेली, असे सांगतात. तोफा झाल्या असोत वा नसोत, त्या हाताने जे केले ते मोठे होते. शरीर समजून घ्यायचे तर शरीराजवळ जावे लागते, हे एका वैद्याने आपल्या समाजासमोर करून दाखवले.

पण त्याच १८३५ सालात एक दुसरे अंतर वाढले. विद्यार्थी शवाजवळ गेला आणि रुग्णाच्या भाषेपासून दूर गेला. इंग्रजी शिकलेला डॉक्टर पलटणीतल्या शिपायाला पुरेना, म्हणून चारच वर्षांत, १८३९ मध्ये, त्याच कॉलेजात सैन्यासाठी हिंदुस्तानी भाषेतला वर्ग पुन्हा सुरू करावा लागला. पुढे १८५२ मध्ये बंगालीतला वर्ग आला. म्हणजे भाषेचा प्रश्न आजचा नाही. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात तर उस्मानिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात १९४८ पर्यंत उर्दूतून वैद्यक शिकवले जाई. २०२२ मध्ये मध्य प्रदेशने एमबीबीएसची पुस्तके हिंदीत आणली, तेव्हा अनेकांना ती अगदी नवी गोष्ट वाटली. ती तशी नव्हती.

मुंबई : आधी फसलेली शाळा, मग उभे राहिलेले कॉलेज

मुंबईत पहिला प्रयत्न १८२६ चा. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी वैद्यकीय शाळा निघाली. इंग्रजी वैद्यक देशी भाषांत आणण्याचे कष्टही त्यांनी घेतले. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली.

नंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. १८३८ मध्ये दापोडीला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ कॉलेज काढायचे ठरले. त्यांच्या पदरी असलेले सर्जन चार्ल्स मोरहेड या कामाचे खरे शिल्पकार. मोरहेड एडिंबरोत शिकले, मग पॅरिसला पिएर लुई यांच्याकडे गेले. लुई हे खाटेजवळ उभे राहून रोग पाहणारे आणि रुग्णांच्या नोंदींची मोजदाद करणारे गुरू. मोरहेडनी तीच पद्धत मुंबईत आणली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले आणि त्याला लागूनच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतले रुग्णालय. कॉलेज आणि रुग्णालय एकाच आवारात असणे ही आज साधी गोष्ट वाटते. त्या काळी तोच सगळ्यात मोठा निर्णय होता. व्याख्यान संपले की विद्यार्थी चालत वॉर्डात जाऊ शकत होता.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत गोव्यातल्या मांद्र्याचे रामकृष्ण विठ्ठल लाड होते, म्हणजे आपले डॉ. भाऊ दाजी. गरिबांवर मोफत उपचार करणारा, कुष्ठरोगावर औषध शोधत राहणारा आणि त्याच वेळी शिलालेख वाचणारा हा माणूस पहिल्याच तुकडीने दिला. मोरहेड यांनी इथल्या वॉर्डातल्या निरीक्षणांवर १८५६ मध्ये भारतातल्या रोगांविषयी मोठा ग्रंथ लिहिला. गुरू स्वतः खाटेजवळ उभा होता, म्हणून शिष्य तिथे उभे राहिले.

गोव्याचाही उल्लेख केला पाहिजे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा सुरू झाली होती. ती ग्रँट कॉलेजपेक्षा तीन वर्षांनी जुनी.

दोन दर्जांचे डॉक्टर

कॉलेजांतून निघणारे पदवीधर थोडे आणि देश अफाट. म्हणून कमी मुदतीचे पदविका शिक्षण देणाऱ्या वैद्यकीय शाळा निघाल्या. पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेले बी. जे. मेडिकल स्कूल त्यांपैकीच. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ मध्ये मुलींसाठी काढलेली शाळाही आधी याच दर्जाची होती. या डॉक्टरांना एलएमपी, म्हणजे लायसेन्शिएट म्हणत. जुन्या मंडळींना आपल्या तालुक्याचे ‘एलएमपी डॉक्टर’ आठवत असतील.

कॉलेजातले पदवीधर त्यांना कमी लेखत. पण तालुक्याला, जत्रेतल्या पटकीला आणि रात्रीच्या बाळंतपणाला कोण होते? बहुतेक हेच. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात नोंदणी झालेले सुमारे ४७,५०० डॉक्टर होते. त्यांतले जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते.

सैन्यातही तीच उतरंड होती. वर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी, खाली इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि हॉस्पिटल कोअर. दुसऱ्या महायुद्धात ही विभागणी परवडेना. ३ एप्रिल १९४३ रोजी हे सगळे एकत्र करून आजच्या आर्मी मेडिकल कोअरची सुरुवात झाली. शांततेच्या काळात जपलेल्या भिंती अशा युद्धात पडतात.

नाशिकचे भोर

त्याच १९४३ च्या ऑक्टोबरात सरकारने आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ विल्यम भोर. हे नाशिकचे. पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात शिकून आयसीएस झालेले. १९४६ मध्ये त्यांनी चार खंडांचा अहवाल दिला. भारताच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आजही तिथूनच सुरू होतो.

समितीला दिसलेले चित्र विदारक होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. त्यातलेही बरेचसे शहरात. वैद्यकीय शिक्षणाबद्दल समितीने मोठे निर्णय सुचवले. लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करावा आणि साऱ्या देशात एकच ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा. विद्यार्थ्याला रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे तो औषध लिहून थांबणार नाही, तो ‘सामाजिक डॉक्टर’ होईल. शिक्षक घडवण्यासाठी एक अखिल भारतीय संस्था काढावी. यातूनच राजकुमारी अमृत कौर यांच्या प्रयत्नांनी १९५६ मध्ये दिल्लीचे एम्स उभे राहिले.

एलएमपी बंद करण्याच्या शिफारशीवर समितीतच मतभेद होते. काही सदस्यांनी लेखी भिन्नमत नोंदवले. देशात डॉक्टर इतके कमी असताना आहे तो मार्ग बंद कसा करता, हा त्यांचा सवाल होता. बहुमत जिंकले. शाळा कॉलेजे झाल्या. पुण्याचे बी. जे. १९४६ मध्येच कॉलेज झाले, वेल्लोर त्याच्याही आधी.

आज मागे वळून पाहताना मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. एकच दर्जा हवा हे तत्त्व बरोबर होते. गावातल्या माणसासाठी कमी शिकलेला डॉक्टर चालेल, असे कुठल्या तोंडाने म्हणायचे? पण या तत्त्वाला एक अट जोडलेली होती. नवा मूलभूत डॉक्टर गावात काम करण्यासाठी तयार झाला पाहिजे. पदवी एक झाली, अट विसरली गेली. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि काही वर्षांत बंद केला, तेव्हा १९४६ चाच वाद पुन्हा झाला होता.

पलटणीतला डॉक्टर

स्वातंत्र्यानंतर सैन्यानेही आपली सोय केली. १ मे १९४८ रोजी पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, एएफएमसी, अस्तित्वात आले. आधी ते सेवेतल्या डॉक्टरांना पुढचे शिक्षण देई. ऑगस्ट १९६२ मध्ये तिथे एमबीबीएसचे वर्ग सुरू झाले आणि दोनच महिन्यांत चीनचे युद्ध आले. आज सैन्यात येणारे तरुण डॉक्टर एएफएमसीतूनही येतात आणि देशभरच्या इतर कॉलेजांतूनही. लखनौच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांना सैनिकी वैद्यकाचे पाठ दिले जातात आणि मग ते पलटणीत रुजू होतात.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. उंचावरची चौकी, हिवाळा, रात्र. एका जवानाला धाप लागली, ओठ निळे पडू लागले. नुकताच आलेला आमचा आरएमओ सव्वीस वर्षांचाही नसेल. मुलगा हुशार, कॉलेजात पहिल्या पाचांत असलेला. त्याने निदान बरोबर केले. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी साचले होते. पण प्राणवायूच्या सिलिंडरची जोडणी करताना त्याचे हात अडखळले. शेजारी उभ्या असलेल्या नर्सिंग असिस्टंट हवालदाराने काही न बोलता ती जोडणी केली, जवानाला उशांच्या आधाराने बसते केले आणि मास्क डॉक्टरसाहेबांच्या हातात दिला. पहाटे आम्ही त्या जवानाला स्ट्रेचरवरून खाली उतरवले. तो वाचला. नंतर चहा घेताना तो तरुण मला म्हणाला, “सर, फुफ्फुसातल्या पाण्याचा तो आवाज मी परीक्षेत लिहिला होता. कानाने काल पहिल्यांदा ऐकला.”

त्याचे कॉलेज चांगले होते, शिक्षक विद्वान होते. त्याने इंटर्नशिपचे वर्षही पूर्ण केले होते. मग तो आवाज त्याच्या कानावर आधी का पडला नाही? मी विचारले. तो म्हणाला, त्या वर्षात नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, कागद भरणे आणि उरलेल्या वेळात पदव्युत्तर प्रवेशाचे प्रश्नसंच सोडवणे, एवढेच झाले. हा त्या एका मुलाचा दोष नव्हता. त्यानंतर अनेक तरुण डॉक्टरांकडून मी हेच ऐकले.

गाडी गावात, विद्यार्थी गाडीत

देशालाही हे दिसत होते. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने सांगितले की आपले वैद्यकीय शिक्षण आपल्या लोकांच्या गरजांना धरून नाही. त्यातून १९७७ मध्ये ‘रोम’ योजना आली, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची योजना. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने जवळची तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडून घ्यायची. फिरत्या दवाखान्याच्या गाड्या मिळणार. प्राध्यापक आणि विद्यार्थी गावात जाणार.

कल्पना उत्तम होती. पण शस्त्रक्रिया, मेडिसिन, बालरोग अशा मोठ्या विभागांच्या प्राध्यापकांना हे काम आपले वाटले नाही. ते एकट्या सामाजिक वैद्यक विभागाच्या गळ्यात पडले. परीक्षेत त्यावर फारसे काही नव्हते. विद्यार्थी सहलीला जावे तसे जाऊन येत. गाडी गावात पोचली, पण गावातला आजारी माणूस विद्यार्थ्याची जबाबदारी झाला नाही. सैन्यात आम्ही म्हणतो, ज्याची तपासणी होत नाही तो हुकूम पाळला जात नाही. रोमचे तेच झाले.

सेवाग्रामचा वेगळा अनुभव

याच्या आधीच, १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. सुशीलाबेन गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री. इथे नवा विद्यार्थी आला की आधी काही दिवस आश्रमात राहतो. श्रमदान, सूतकताई, प्रार्थना हा त्याचा दिनक्रम. मग त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी त्या गावात शिबिरात राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि पुढची काही वर्षे त्याच कुटुंबांकडे जाणे-येणे चालू राहते.

रोम आणि सेवाग्राम यांच्यात फरक कशाचा? पैशाचा नाही. सेवाग्रामला विद्यार्थ्याला नाव असलेले कुटुंब मिळते. आजीचा रक्तदाब, सुनेचे बाळंतपण, लहानग्याच्या लसी, या त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत असतात. तीच आजी पुढच्या महिन्यात विचारते, “काय रे, मागच्या वेळी आला नाहीस?” हा प्रश्न कुठल्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा कठीण असतो.

२०१९ : कागद बदलला, आता?

२०१९ च्या तुकडीपासून देशात ‘क्षमताधारित’ अभ्यासक्रम सुरू झाला. मागच्या बावीस वर्षांतला हा सर्वात मोठा बदल. त्याचा गाभा सोपा आहे. विद्यार्थ्याला काय माहीत आहे याबरोबरच त्याला काय करता येते, हेही पाहायचे. पहिल्या वर्षापासून रुग्णांची ओळख, सुरुवातीला पायाभूत वर्ग, कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यांवर सराव, रुग्णाशी बोलणे आणि नीतिमत्ता यांचे स्वतंत्र पाठ, आणि कामांची नोंदवही. २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम सर्व कॉलेजांना लागू झाला. सेवाग्रामशी त्याचे नाते उघड आहे.

यामागे विचारही पक्का आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात रोनाल्ड हार्डेन यांनी टप्प्याटप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. विद्यार्थी एका टेबलावर रक्तदाब मोजतो, दुसऱ्यावर रुग्णाशी बोलतो, तिसऱ्यावर टाके घालतो, आणि सर्वांना एकाच मापाने गुण मिळतात. १९९० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मिलर यांनी शिकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करायचे ते सांगता येणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. हे वाचून मला हसू आले. आमचा उस्ताद हवालदार रिक्रूटला रायफल अशीच शिकवतो. आधी सांगतो, मग करून दाखवतो, मग करवून घेतो आणि शेवटी फायरिंग रेंजवर नेऊन तपासतो. कागदावर उत्तरे लिहून आजवर कुणी नेमबाज झालेला नाही.

दुसरीकडे संख्या झपाट्याने वाढते आहे. २०१४ च्या आधी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि ५१,३४८ एमबीबीएसच्या जागा होत्या. आता जागा एक लाखाच्या वर गेल्या आहेत. देशाला डॉक्टर हवेत, म्हणून याचे स्वागत आहे. पण खाटा आणि खोल्या दोन वर्षांत बांधता येतात. खाटेजवळ उभा राहणारा मोरहेड दोन वर्षांत तयार होत नाही.

आणि सगळ्यावर मात करणारी गोष्ट म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. तीत दोनशे बहुपर्यायी प्रश्न असतात. साडेचार वर्षांनंतरचे इंटर्नशिपचे वर्ष हाताने शिकण्यासाठी आहे, पण मुलाचे भवितव्य त्या दोनशे प्रश्नांवर ठरते. मग तो वॉर्डात थांबेल की खोलीत बसून प्रश्न सोडवील? तुमचा मुलगा असता तर तुम्ही त्याला काय सांगितले असते? म्हणून मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. परीक्षा जशी, तशी तयारी.

काय करता येईल?

इतिहासातून मला चार गोष्टी दिसतात.

पहिली, इंटर्नशिपच्या कामाला पदव्युत्तर प्रवेशात वजन मिळाले पाहिजे. ओळखीपाळखीने गुण वाटले जातील ही भीती खरी आहे. म्हणून हे गुण कॉलेजाने देऊ नयेत. हार्डेन यांच्या धर्तीची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक आणि सर्वांना एकच मोजमाप, असे व्हावे. २०१९ च्या कायद्यात ‘नेक्स्ट’ या सामायिक परीक्षेची तरतूद आहे. ती जेव्हा येईल, तेव्हा तिच्यात हाताच्या कामाला खरा वाव असायला हवा. नाहीतर बहुपर्यायी प्रश्नांचा आणखी एक गठ्ठा, एवढाच तिचा अर्थ उरेल.

दुसरी, इंटर्नला नावाने रुग्ण द्या. या चार खाटा तुझ्या. यांची नाडी, यांचे नातेवाईक, यांची सुट्टी होईपर्यंतची नोंद तुझी. वरिष्ठांची देखरेख असेलच. नमुने पोचवण्यासाठी वेगळी माणसे नेमा. डॉक्टरला हमाल केले की आपण डॉक्टरही गमावतो आणि हमालीही धड होत नाही.

तिसरी, शिकवण्याला मान द्या. पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये १९७६ मध्येच वैद्यकीय शिक्षकांना शिकवायला शिकवणारे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. म्हणजे शिकवणे हीसुद्धा शिकण्याची कला आहे, हे आपण पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले होते. पण बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. वॉर्डातल्या खाटेजवळ रोज तासभर उभा राहणारा शिक्षक कोण मोजतो? सैन्यात प्रशिक्षण केंद्रावरची नेमणूक मानाची समजतात. वैद्यकातही ती तशी झाली पाहिजे.

चौथी, रुग्णाची भाषा. नीटमुळे लातूरचा मुलगा पाँडिचेरीला आणि केरळची मुलगी नागपूरला शिकते. हे देशासाठी चांगले आहे. पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची सोयही आहे. ती उपचारापुरती राहू नये. ‘छातीत दुखतंय’ आणि ‘छातीत भरून आल्यासारखं वाटतंय’ यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याचे निदान अर्ध्या वाटेवर थांबते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हे वेगळे सांगायला नको. भाषा न कळणाऱ्या गावात आजारी पडणे काय असते, ते तुम्ही अनुभवले आहे.

आपला वाटा

शेवटी तुमच्याकडे एक मागणे आहे. सरकार, आयोग आणि कॉलेजे आपापले काम करतील किंवा करणार नाहीत. पण या शिक्षणातला सर्वात मोठा शिक्षक रुग्ण आहे आणि रुग्ण म्हणजे आपणच.

शिकवणाऱ्या रुग्णालयात गेल्यावर एखादी तरुण मुलगी पांढऱ्या कोटात येऊन म्हणते, “काका, मी विद्यार्थिनी आहे, तुम्हाला तपासू का?” तेव्हा आपल्यातले बरेच जण म्हणतात, “मोठ्या डॉक्टरांना पाठवा.” नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि विद्यार्थ्याने विचारल्याशिवाय हात लावू नये, हेही खरे. पण प्रकृती बरी असेल आणि ती अदबीने विचारत असेल, तर हो म्हणा. तिला तुमच्या छातीचा आवाज ऐकू द्या. दोन प्रश्न जास्त विचारू द्या. आज तुमच्या छातीवर ऐकलेला आवाज उद्या ती एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात नाहीतर बर्फातल्या चौकीवर ओळखेल, आणि तिथे तिच्या मदतीला मोठे डॉक्टर नसतील.

आपले अनुभव जरूर कळवा. विशेषतः तुमच्या घरात वैद्यकीय विद्यार्थी किंवा इंटर्न असेल, तर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून पाठवा.

जय हिंद.